शेरा

आमचं वाचनालय म्हणजे
व्हरांड्याच्या टोकाचं लोखंडी कपाट.
खारं वारं त्याच्या बिजागऱ्या खातं,
म्हणून दर शनिवारी मी स्वयंपाकाच्या मावशींकडून
थेंबभर खोबरेल मागून आणते.
तरी दार कुरकुरतंच.
मुलं त्यालाच घंटा समजतात.

एकतीस मुलं, पुस्तकं दोनशे चार.
नऊ कसरीने खाल्लेली.
बेडकांवरच्या एकाला मुखपृष्ठच नाही
आणि सगळ्यात जास्त घरी जातं तेच.

गट पाडा, केंद्राच्या बैठकीत सांगितलं होतं.
प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद.
मी फळ्यावर लिहिलं.
नूरैन मुकादम बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली,
बाई, आम्ही जवळा.
मग काय! अक्षरं लावणारे जवळा,
शब्द धरणारे मांदेली,
परिच्छेदातून सरळ पोहत जाणारे बांगडे
आणि जो अख्खं पुस्तक एका दमात संपवेल तो सुरमई.
दोन वर्षांत सुरमई एकच सापडली, हर्षाली वासावे.
तीही आता तरीतून पलीकडच्या हायस्कुलात जाते.

उंडीच्या झाडाखाली जोडीवाचन चालतं.
एक बांगडा, एक जवळा, मध्ये एक पुस्तक.
बंदरात होड्या लागल्या की
अर्धं मंडळ मान वळवून बघतं
कोणाची आली,
बोट मात्र ओळीवर तसंच.

देवघेवीच्या वहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा.
तिथे मी लिहीत आले:
पान सैल.
सोड्यांचा वास.
धाकट्याने चघळले.
आईने ऐकले (दोनदा).
तपासणीला आलेले साहेब म्हणाले,
शेरा म्हणजे पुस्तकाची अवस्था, बाई.
मी हो म्हटलं.

प्रणिल दोरकर, चौथी, बांगडा.
दीपगृहांचं पुस्तक नेलं, बहात्तर पानी.
सात दिवसांचा नियम.
चौदा झाले, वीस झाले.
कुठंय रे पुस्तक?
पायाच्या अंगठ्याने वाळू उकरत म्हणाला,
बापसान नेलान.
कुठे?
बोटीवर.

मी डोळ्यांपुढे आणलं:
डिझेल, बर्फाचा चुरा, सहा खलाशी, ओली फळी.
वहीत लिहिलं, हरवले.
पेन्सिलने लिहिलं.

तेविसाव्या दिवशी आलं.
प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीवर पिशवी,
वर जाळ्याच्या दोऱ्याची गाठ.
मला सुटेना. प्रणिलने दातांनी सोडवली.

पानांचे कोपरे दुमडलेले होते.
ओरडणार होते मी, हे मी वर्गात कितीदा सांगते.
पण दुमडी बघत गेले.
पहिली पान तीनवर. पुढची चारवर.
मग पुन्हा चारवरच, उलट बाजूने.
मग सहा. मग नऊ.
अकराव्या पानावर एका जोडाक्षराखाली
काळ्या अंगठ्याचा ठसा, दाबून धरलेला,
जणू ते निसटलं असतं.
पुढे दुमडी लांब लांब पडत गेल्या,
एकवीस, तेहतीस, पन्नास.
हा वेग मला ठाऊक आहे.
उंडीखाली रोज बघते मी तो,
जवळ्याचा मांदेली होताना.

चौसष्टाव्या पानात शेवटची दुमड
आणि एक खवला, वाळून काचेसारखा झालेला.
त्यातून खालचा काना जरा मोठा दिसत होता.
तो मी काढला नाही.

पेन्सिलचं खोडलं.
विचारलं, परत नेतोस का रे? नाव कोणाचं लिहू?
प्रणिल बंदराकडे बघत राहिला.
माझाच लिवा, बाई.

लिहिलं.
तारीख, नाव, पुस्तक.
शेऱ्यात थोडी थांबले
आणि मग पेनाने लिहिलं,
आठ पानं राहिलीत.