ओरखडा

कार्नार्व्हन सुटलं की फोन बंद.
पेट्रोलची गाडीसुद्धा चालत नाही इथे,
तिच्या प्लगची ठिणगी तबकड्यांना
वीज कोसळल्यागत ऐकू जाते.
म्हणून ही डिझेलची पिकअप, टपावर अँटेना,
आणि मी, डाविद टिटीस,
लोकांच्या घरातला आवाज हुडकणारा;
कानाला ऐकू येतो तो नव्हे, दुसरा.

या महिन्यात चौसष्ट तबकड्या वळल्यात
एका दीर्घिकेकडे. नाव नाही, नुसता आकडा.
झिना म्हणते, अंगानं ती आपल्या आकाशगंगेहून थोराड,
पण तारे इतके विरळ पेरलेले
की काचेवरचा बोटाचा डाग समजून
कुणीही पुसून टाकावी.
वायू रग्गड. पेटायचं राहून गेलेलं.
"आणि मधोमध?"
"मधोमध कुणीतरी जागं असावं."
असावं. कारण दर चाळीस सेकंदांनी
नोंदीवर ओरखडा उठतोय,
आणि तो वरचा नाही, आपल्यातल्याच कुणाचा.

चार शेतं झाली. कुंपणं, पंप, एक रुसलेला फ्रीज.
पाचवं घर मीकी हूर्नचं.
गावाला वाटतं म्हातारी गेली असेल एव्हाना,
चर्चमध्ये नाही, धुराड्यातून धूर नाही.
दार लोटलं.
आत काळोख, कोपऱ्यात तांबडा दिवा,
दिव्याखाली खोक्यात तीन कोकरं,
आयांनी जवळ न केलेली,
आणि बाटली धरून ती.
दिव्याचा थर्मोस्टॅट टक् तुटायचा,
टक् जुळायचा.
माझ्या हातातला काटा उडाला.

नियमानं दिवा जप्त.
बाहेर उणे तीन.
ती म्हणाली, "पाय पूस, मग बोल."

नव्वद किलोमीटर मागे गेलो, नवा स्विच आणला,
बसवेपर्यंत चार वाजले.
झिनाला सांगितलं, आजची रात्र फेकून दे.
का, ते नाही सांगितलं.

आठ दिवसांनी तिनं पडद्यावर दाखवलं:
चकतीचा मागमूस नाही,
फक्त एक ठिपका, मोहरीहून बारीक.
दोन मिलिजान्स्की.
"म्हणजे जागं आहे?"
"पुन्हा एकदा बघावं लागेल," ती म्हणाली,
आणि नाक उडवून,
"तुझ्या कोटाला दुधाचा कसला वास येतोय?"