दहा इंची

जुन्या बाजारात, बुधवारी,
शफीक बागवानच्या ताडपत्रीवर
मिक्सरची भांडी, बंद घड्याळं, कुणाचा तरी एक्स-रे,
आणि एका खोक्यावर खडूने : जंगल.
"वाघबिघ ओरडत असतील साहेब.
कोरेगाव पार्कातला गोरा सोडून गेला."

वाघ नव्हता.
लंडनच्या उंच चाळींवर चोरटे एरियल लावून
जमैकाहून आलेल्यांच्या पोरांनी, त्यांच्या दोस्तांनी
कुणा जुन्या अमेरिकन ड्रमरचे सहा सेकंद
कापले, उलटसुलट जोडले, पळवले.
त्याला छदाम नाही.
वर ताल दुगुनीत,
खाली खर्ज ठाय लयीत, घाई कसली ती नाहीच.

ताशा सोडून मला सतरा वर्षं झाली.
बोटं तरी मांडीवर सुरू.

त्यातली ही एक दहा इंची, लाखेच्या लेपाची.
दर वेळी सुई थोडं खरवडून नेते,
पन्नासेक वेळा, मग नुसती खरखर.
पाकिटाच्या आत पेन्सिलीच्या रेघा.
मला आधी वाटलं, दुधाचा हिशेब.
चार उभ्या, एक आडवी. चार उभ्या, एक आडवी.

एकोणचाळीस.
म्हणजे शेवटच्या चार उभ्याच.
परवा एकदा वाजवली,
आडवी माझ्याकडे लागते.
अजून ओढली नाही.