एका वेळी एक चाक

वडलांचा नियम होता: दोन्ही ड्रम एकदम उघडायचे नाहीत.
एक बाजू खोल, दुसरी झाकलेली राहू दे.
कुठली स्प्रिंग कुठे, हे विसरलीस
तर उठून पलीकडे जा, ती सांगेल.
फक्त तिकडे सगळं उलटं दिसेल,
आरशात भांग पाडताना दिसतं तसं.

कॉर्नर ब्रुकमध्ये अर्धं वर्ष रस्त्यांवर मीठ पडतं,
आणि न्यूफाउंडलंडच्या मिठाचं
लोखंडाने पोट भरत नाही.
माझ्या गाडीचा उजवा ड्रम असा धरून बसला होता
की तेल पाजलं, हातोडी घातली,
शिव्या दिल्या (हळू आवाजात, रविवार होता),
शेवटी त्याच्याच भोकांत दोन बोल्ट पिळत गेले,
पाव फेरा हा, पाव फेरा तो,
तेव्हा गोळी सुटल्यासारखा निघाला.
फॉन्सोचं कुत्रं कितीतरी वेळ भुंकत राहिलं.

आत लायनर नखाएवढं उरलेलं.
काळी भुकटी. फुंकर मारायची नाही,
ओल्या फडक्यानं टिपायची.
वडील फुंकायचे. चाळीस वर्षं फुंकली.
शेवटच्या हिवाळ्यात त्यांचा श्वास
किसणीवरून यायचा.

एक स्प्रिंग हातातून उडाली आणि फ्रीझरमागे गेली.
तिचं नंतर बघू म्हटलं,
कारण तेवढ्यात बोटाला ओलं लागलं.
सिलिंडर झिरपत होता.
म्हणजे तो बदला.
म्हणजे पाइप उघडा, म्हणजे आत हवा शिरणार,
म्हणजे ती काढायला
एक माणूस चाकापाशी आणि एक पेडलवर.

फॉन्सो मूसच्या शिकारीला गेलेला.
अगाथाचा गुडघा दुखत होता.
उरला लिअँडर.

माझा भाऊ. चौदा महिने आम्ही बोललो नव्हतो,
वडलांच्या होडीच्या पैशांवरून.
नाही, पैशांवरून नाही.
विकली हे त्यानं विकल्यावर सांगितलं, त्यावरून.

फोनवर मी म्हटलं, "ब्रेकची हवा काढायचीय."
तो म्हणाला, "कुठली बाजू?"

वीस मिनिटांत आला. टोपी काढली नाही.
मीही चहाचं विचारलं नाही.
सीट मागे सरकवून बसला.
मी आडवी, कानाखाली गार सिमेंट,
पान्यावर हात, नळीचं टोक बाटलीत.

दाब.
दाबला.
धर.
धरलाय.
स्क्रू सैल. पेडल खाली बसत गेलं
ते मला पत्र्यातून कळलं.
मी सांगेपर्यंत सोडू नको.
नाही सोडत.
स्क्रू घट्ट.
सोड.

बुडबुडे आले, मग गढूळ तेल,
मग पुन्हा बुडबुडे, मोहरीएवढे.
नऊ वेळा केलं असेल, की दहा,
तेव्हा वरून आवाज आला, माझ्याशी नव्हे,
स्टिअरिंगशी बोलावं तसा:
"होडी तळाला कुजली होती, डल्सी.
आधीच. ते आजारी होते तेव्हाच.
मी दोन वर्षं बघायला गेलो नव्हतो.
तुला दाखवायची लाज वाटली."

मी नळीकडे बघत होते.
"दाब," म्हटलं.
दाबला.
"धर."

तेल स्वच्छ आलं. तो उतरला, गुडघे झाडले,
फ्रीझरमागे हात घालून स्प्रिंग काढली,
तिच्यावरची धूळ पँटला पुसली.
"डावीकडचं?"
"झाकलेलंच आहे अजून."

मग टोपी काढली त्यानं.
डाव्या चाकाशी बसला, आणि पुढच्या तासाभरात
तीनदा उठून माझ्या बाजूला आला,
वाकून बघितलं, ओठ हलवत काहीतरी मोजलं,
परत गेला. शेवटच्या खेपेला म्हणाला,
"तुझं उलटं आहे."
"तुझं उलटं आहे," मी म्हटलं.

संध्याकाळी खाडीकडच्या उतारावर
मी चालवत होते, तो बाजूला.
वळणाच्या आधी मी ब्रेक दाबला
आणि गाडी थांबली, सरळ, न कुरकुरता.
त्याचा उजवा पाय
रबराच्या मॅटवर, जिथे काहीच नव्हतं,
गच्च दाबलेला होता.
मी काही म्हणेपर्यंत
त्यानं तो सोडला नाही.