लाल ठिपका

डुलुथच्या तळघरात, थंडीत,
लेम्पी उकिडवी बसलीय
अठ्ठावन्न सालच्या भांडी धुण्याच्या यंत्रापुढे.
माहितीपुस्तिका नाही. चकतीवरची अक्षरं
कुणाच्या तरी साबणाच्या बोटांनी नेलेली.

मोटर हातानं फिरवून पाहिली. फिरते.
मग कान लावून
एकेक खट्.
तिसऱ्याला गुरगुर, सातव्याला नुसता जळका वास.
प्लग ओढला.

टॉर्च तिरपा धरला तेव्हा दिसला
चकतीच्या कडेला
नेलपॉलिशचा मोहरीएवढा ठिपका.

म्हणजे तुलाही लक्षात राहत नव्हतं तर, बाई!

काटा ठिपक्यावर. प्लग. खट्.
पाणी आलं, आधी गंजाचं,
मग बऱ्याच वेळानं पाण्यासारखं.
आत एकच कप, कान तुटका,
धडधडतोय.

लेम्पी पालथ्या बादलीवर टेकली.
मांडीवर कोरडे हात.
त्यांचं काय करायचं, ते कुठंच लिहिलेलं नव्हतं.