तोलून झाल्यावर

पितळी वजनं चिमट्याने उचलायची असतात.
हाताचा घाम लागला तरी वजन बदलतं,
हे मला नोकरीच्या पहिल्याच दिवशी शिकवलं.
मग एकतीस वर्षं मी, एलिशा उजागरे,
वजनमापे निरीक्षक, पुणे शहर,
मखमली पेटी काखेत मारून
न्यायाचा दिवस असल्यासारखा पेठापेठांतून फिरलो.
मी वळणावर दिसलो की मंडईत कुजबुज व्हायची,
पारड्यांखाली चिकटवलेले चिंचेचे गोळे
घाईघाईने निघायचे.

ठकूबाईचं पारडं चाळीस ग्रॅमने खोटं निघालं.
नाव ठकूबाई! मला हसू आलं होतं.
म्हणाली, साहेब, साखळी झिजलीय,
पोराच्या औषधातून उरलं की नवी घालते.
मी तराजू जप्त केला.
कायदा सगळ्यांना सारखा.

त्याच आठवड्यात, मार्केट यार्डात,
एका आडत्याचा काटा पोत्यामागे दीड किलो खात होता.
त्याने चहा मागवला. चहाबरोबर पाकीट आलं.
शिशावर माझी मोहोर उठली, ठसठशीत.
त्या पैशांतून मुलीला शाळेचे बूट घेतले
आणि रविवारी त्यातला दशांश
देवळातल्या दानाच्या पिशवीत टाकला.
तोही नीट मोजून.
एक पैसा कमी नाही.

आता रास्ता पेठेतल्या दवाखान्यात
नर्स मलाच काट्यावर उभं करते.
चप्पल काढा, काका.
एकोणपन्नास. गेल्या महिन्यात त्रेपन्न होतं.

रात्री भिंतीवरून गाड्यांचा उजेड सरकतो
आणि वाटतं, आता हात दिसेल,
आता लिहील तो : उणा.
मार्था म्हणते, देवळासाठी काय थोडं केलंत?
पत्रे घातलेत, संडेस्कूलला बाकं दिलीत.
मी मनातल्या मनात ती सगळी बाकं
दुसऱ्या पारड्यात चढवतो.
पारडं हलतसुद्धा नाही.

पाळकसाहेबांना विचारलं,
शेवटच्या दिवशी काटा कुणाच्या हातात?
ते म्हणाले, ज्याच्या हाताला खिळ्याची खूण आहे, त्याच्या.
घरी येऊन कितीतरी वेळ नुसता बसून राहिलो.
घाम लागला तरी वजन बदलतं.
मग असा हात पारड्याला लागला, तर?

मंगळवारी काठी टेकत मंडईत गेलो.
ठकूबाईच्या ओट्यावर तिची नात.
इलेक्ट्रॉनिक काटा, लाल आकडे.
म्हटलं, तुझ्या आजीचा तराजू मी नेला होता.
ती भेंडी निवडत होती. थांबली.
"तुम्ही होय ते."
एवढंच.
मागे कुणीतरी लिंबांचा भाव विचारत होतं.
मी सांगू लागलो : आडत्या, पाकीट, बूट, दशांश,
सगळं उलटसुलट, बायकोलाही कधी न सांगितलेलं.

"पाव की अर्धा?" तिने विचारलं.

अर्धा, म्हणालो.
आकडा पाचशेवर येऊन थांबला.
मी मोठी नोट पुढे केली, सुटे राहू दे म्हटलं.
तिने सुटे परत दिले, रुपयान् रुपया,
आणि पिशवीला गाठ मारता मारता
कोथिंबिरीची एक मूठ
काट्याला न दाखवता आत कोंबली.

हे कशाबद्दल?
"तोलून झाल्यावरचं आहे ते.
त्याचा काय हिशेब विचारता!"

तिने मला माफ केलं की नाही, ठाऊक नाही.
कदाचित सगळ्यांनाच देत असेल.
एकतीस वर्षांत ही गोष्ट मी कधी तपासली नव्हती,
आमच्या वहीत हिच्यासाठी रकानाच नव्हता.

रिक्षा क्वार्टर गेटच्या सिग्नलला अडकलीय.
परवा पुन्हा नर्स म्हणेल, चप्पल काढा, काका.
काढीन.
उणाच भरणार आहे, त्यात शंका नाही.
मांडीवरच्या पिशवीतून
केवढा वास येतोय.