निळा शिक्का

तुझ्या चाळिसाव्या दिवशी, अवतो,
त्सियालानं मोठ्या पातेल्यात शिलाप्लावी केली.
मेंढीचं मटण, तांदूळ, मिरी. एवढंच.
बहीण तुझी. तिला मी काय सांगणार
की ज्याच्या नावानं हे शिजतंय
तो बावीस वर्षं याच्या वाटेला गेला नव्हता.
तरी बोलले. तर म्हणाली,
"मेलेल्याला विचारून का कोणी रांधतं?"
आणि झाकण ठेवलं.

कुताइसीच्या कत्तलखान्यात तू जनावरांचा डॉक्टर.
जिवंत असताना डोळे बघायचे,
मेल्यावर काळीज,
मग मांडीवर निळा शिक्का : खाण्यास योग्य.
ती शाई नखांत घेऊन घरी यायचास.
एका गुरुवारी हात धुतलेस. पुन्हा धुतलेस.
ताट सारलंस आणि म्हणालास,
मला नुसता घेवडा वाढ.

का, ते तू सांगितलं नाहीस,
मी विचारलं नाही.
एका घरात दोन पातेली कशाला, म्हणून मीही सोडलं.
गल्ली म्हणाली, नवऱ्यावर काय जीव आहे बाईचा!
खरं सांगू? रॉकेल वाचायचं.
वीज नव्हती, गॅस नव्हता,
आणि त्या हिवाळ्यात मटण तरी कुठं होतं म्हणा.

पुढं सगळं आलं. वीज आली, मटण आलं.
आपण मात्र घेवड्यावरच राहिलो.
अक्रोड कुटून कुटून माझा उजवा दंड
डाव्याहून जाड झाला.
पालकात अक्रोड, वांग्यात अक्रोड, बिटात अक्रोड.
तू "वा" म्हणायचास. मनापासून म्हणायचास, तेच अवघड होतं.
ईस्टरला शेजारी निखारे पेटले
की मी गच्चीत जाऊन उभी राहायचे.
"काय करतेस?" तू आतून विचारायचास.
"हवा खातेय," मी म्हणायचे.
खोटं नव्हतं.

तर चाळिसावा दिवस.
ओतारनं पावावर वाइनचे थेंब सांडले, तुझं नाव घेतलं.
माझ्यापुढं ताट आलं.
ठरवलं होतं, नुसता भात खाईन.
पण भात आधीच सगळं पिऊन बसला होता.
मग तुकडा बाजूला काढून
कोणाला फसवायचं होतं?

दातांना सगळं पाठ होतं.
डोळ्यांतून पाणी आलं, त्सियालानं पाठीवर हात ठेवला,
म्हणाली, रड, रडून घे.
मी चावत होते.

रात्री पोटावर हात ठेवून पडले,
आता दुखेल, मग दुखेल.
नाही दुखलं.
सकाळी आठला जाग आली.
तू गेल्यापासून एवढी झोप लागली नव्हती.
याचाच राग आला जास्त.

बाजारात बाद्रीनं सुरी थांबवून विचारलं, कोणासाठी?
कुत्र्यासाठी, म्हटलं.
आपल्याकडं कुत्रं नाही हे अख्ख्या बाजाराला ठाऊक.
तरी त्यानं मानेचे चांगले तुकडे घातले.
"नशीबवान आहे तुमचं कुत्रं."
तिसऱ्या आठवड्यात चौकशी केली, कसं आहे ते?
"म्हातारं झालंय," म्हटलं, "पण खातं नीट."

तुझा शिक्का सापडला, मोज्यांच्या खणात,
वर्तमानपत्रात गुंडाळलेला.
म्हणजे टाकला नव्हतास.
शाईचा पार दगड झालेला.
फुंकर घातली, मनगटावर दाबला.
अक्षर एकही उमटलं नाही.
गोल वळ तेवढा, लाल,
चहा होईपर्यंत तोही गेला.

त्या गुरुवारी काय दिसलं होतं तुला?
एखादं बकरं तुझ्याकडं वळून बघत होतं का,
की काहीच नव्हतं, नुसता कंटाळा आला होता?
विचारायला हवं होतं.
बावीस वर्षं एका भांड्यातलं खाल्लं
आणि एवढं विचारलं नाही.

आज नळी आहे.
मगज आत अडकलाय, काडीनं निघत नाही.
ताटावर आपटते. एकदा, दोनदा, जोरात.
खालून मझेविनार धापा टाकत वर येते :
"दार वाजलं का गं? कोण आलंय?"

"कोणी नाही," मी म्हणते.
"जेवतेय."