बेचाळीस बटणांचं बारसं

राजवाडे बाई म्हणाल्या, "माउस बाजूला ठेव.
आता स्क्रीन बंद कर.
हं. आता भर माझी तक्रार."

ग्वाल्हेर नगर निगम, तिसरा मजला.
मी कंत्राटी : अकरा महिने असतो, एक महिना नसतो,
मग परत अकरा महिने.
वेबसाइट माझी. निदान तिच्यातल्या चुका तरी.

टॅब दाबला. हेडफोनमधली बाई म्हणाली, बटण.
टॅब. बटण.
टॅब. चित्र.
टॅब. लिंक, यहाँ क्लिक करें.
टॅब. लिंक, यहाँ क्लिक करें.
कुठे, ते तिलाही ठाऊक नव्हतं.
सव्वीस वेळा टॅब दाबून मी
पुन्हा दिवाळीच्या शुभेच्छांपाशी पोचलो.
डिसेंबर चालू होता.

बाई हसल्या नाहीत.
एकतीस वर्षं टेलिफोनच्या बोर्डावर काढलेली बाई.
"प्रत्येक भोकाला नंबर असायचा, आणि तो बोटांना कळायचा.
बिननावाच्या जागेला कुणाची लाइन जोडली असती
तर संध्याकाळी मेमो हातात."

तक्रार साधीच होती.
दौलतगंजात, त्यांच्या दारापासून एकोणीस पावलांवर
चेंबरचं झाकण गेलंय.
"जागा वासानं कळते रे,
पण थंडीत मला सर्दी असते."

फॉर्मचा शेवटचा रकाना :
फोटो जोडा. पुढे लाल चांदणी.
फोटोशिवाय पान हलत नव्हतं.
ती चांदणी मीच लावली होती, एका मंगळवारी,
खोट्या तक्रारी थांबाव्यात म्हणून.
शाबासकी मिळाली होती. समोसेही.

साहेबांना सांगितलं.
ते म्हणाले, "चाकाच्या खुर्चीचं चित्र टाक ना कोपऱ्यात.
अन् अक्षर लहान-मोठं करायचं काहीतरी.
आपण केलेलं दिसलं पाहिजे."

चित्र टाकलं. दिसलं.

मग आठवडाभर रात्री थांबलो.
कुणी सांगितलं नव्हतं, ओव्हरटाइमही नव्हता.
बेचाळीस बटणं, एकेकाला नाव ठेवत गेलो.
पाणीपट्टी भरा. पावती उतरवा. मागे जा.
बारशाला आत्या वाकून
बाळाच्या कानात सांगते तसं,
नाव लिहायचं,
हेडफोन लावून ऐकायचं,
नाही पटलं तर बदलायचं.
वाकड्या अक्षरांचं चित्र काढून तिथे बेरीज ठेवली.
कंपूतल्या तांबे काकांचा हात कापतो,
त्यांच्यासाठी बटणं रुंद केली,
पाच मिनिटांची मुदत वीसवर नेली.
चांदणी शेवटी पुसली.
तिला पुसताना मात्र
कुणी बघत नाही ना, हे पाहिलं.

त्या सोमवारी असं धुकं
की बाड्यावर मला माझ्याच स्कूटरचं चाक दिसेना.
मी पाऊण तास उशिरा पोचलो.
बाई बाकावर बसलेल्या,
स्वेटरच्या खिशातून शेंगदाणे खात.

तक्रार त्यांनीच भरली.
मी हात मागे बांधून उभा होतो, मुद्दाम.
एकदा चुकल्या. काय चुकलं ते पानानं सांगितलं.
शेवटी नंबर आला, सात आकडी.
त्यांनी तो लिहून घेतला नाही.
बोर्डावरच्या बाईला सात आकडे म्हणजे काय.

नवव्या दिवशी त्यांचा फोन.
"निराकरण झालं म्हणतंय तुझं पान."
मी म्हटलं, "वा!"
"झाकण नाहीये. आत्ताच काठी घालून आले,
मुठीपर्यंत गेली."

मला काही सुचेना.

"तू कशाला गप्प झालास? तुझं काम चोख आहे.
आजवर निगमाचं खोटं
शेजारच्या पोराकडून वाचून घ्यावं लागायचं.
आता माझं मला वाचता येतं."

मागे त्यांच्या संगणकाचा आवाज येत होता.
टॅब. बटण, मुखपृष्ठ.
टॅब. बटण, रसीद.
टॅब. बटण, शिकायत दोबारा खोलें.

"हे नाव बरं ठेवलंस," म्हणाल्या,
आणि मला एंटर ऐकू आलं.